एवढंच सांग, जेवली का

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला शूर समजायला नको. घरात पाल निघाली तर मी पलंगावर चढते आणि नवऱ्याला हाका मारते. तो बडनेऱ्याला रेल्वेत आहे. त्याची रात्रीची ड्यूटी असली तर पाल आणि मी, दोघी आपापल्या जागी बसून उजाडायची वाट बघतो. अशा बाईनं अमरावतीतल्या एका निवारागृहात वर्षानुवर्षं रात्रपाळी केली, यावर माझ्या नणंदांचा अजून विश्वास बसत नाही. माझा तरी कुठं बसतो?

निवारागृह म्हणजे नवऱ्याच्या, सासरच्या, कधी बापाभावाच्याच मारातून निघून आलेल्या बायकांनी काही दिवस राहायचं घर. बाहेर पाटी नाही. कॉलनीतल्या लोकांना ते मुलींचं हॉस्टेल वाटतं आणि आम्ही त्यांचा तो समज मोडत नाही. खाली ऑफिस आणि स्वयंपाकघर, वर चार खोल्या. दिवसा अधीक्षिका मॅडम असतात, वकीलबाई येतात, पोरांना शिकवायला एक बाई येते. संध्याकाळी सातला सगळ्या जातात आणि सकाळी सातपर्यंत मी एकटी. दार सांभाळायचं, फोन घ्यायचा, रात्री कोणी आली तर तिला आत घ्यायचं, कोणी रडत असली तर जवळ बसायचं. सांगायला एवढंच काम.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, सवय होईल. नाही झाली. गेटपाशी कुत्रं भुंकलं तरी मी उठून कुलूप बघून यायची. खिडकीखालून कोणी मोटरसायकल रेस करत गेला की मी हातातलं काम ठेवून, आवाज पूर्ण दूर जाईपर्यंत ऐकत बसायची. मॅडम म्हणायच्या, "तुम्ही घाबरता तेच बरं आहे. न घाबरणारी बाई एक दिवस दार उघडं ठेवून झोपेल." मला ते कौतुक वाटायचं. मी ते घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंही होतं.

आमच्याकडं नियम पुष्कळ होते आणि मला पाठ होते. सगळ्यात वरचा नियम फोनचा. कोणीही विचारलं, बाप असो, भाऊ असो, पुढारी असो, तर अमुक बाई इथं आहे असंही सांगायचं नाही आणि नाही असंही सांगायचं नाही. "आम्ही अशी माहिती देत नाही, तुमचा नंबर आणि निरोप सांगा," इतकंच. फोनचा नंबर एस.टी. स्टँडवर आणि दवाखान्यात लावलेला असतो, त्यामुळं तो कोणालाही मिळतो. पत्ता कुठंच लिहिलेला नसतो. पण अमरावतीत अशी घरं असून असून किती असणार? ऑटोवाल्यांना सगळी माहीत असतात. शोधणाऱ्याला फक्त इतकंच कळायचं असतं की बाई नेमकी कोणत्या घरात आहे.

ही गोष्ट घडली तोवरच्या सात वर्षांत मला फोनवर आईबहिणीवरून शिव्या पडल्या, उचलून नेण्याच्या धमक्या आल्या. एकानं तर मी पोलिसांतला साहेब बोलतो म्हणून दम दिला होता. पण आवाज मी कधी थरथरू दिला नाही. मला वाटायचं, फोनचं आपल्याला जमलं बुवा.

त्या दिवशी थंडी होती. मी जाऊन शाल काढते ना काढते तोच दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला आणि साडेसातला ती आली. भातकुलीकडच्या एका गावातली, तिशीची असेल. संगं सहा वर्षांची मुलगी. एका कानाची पाळी फाटलेली, टाके ताजे होते. डावा हात गळ्यात बांधलेला. घरची भाजी घेऊन सगळे अमरावतीच्या बाजारात आले होते. नवरा आणि दीर गाडीवरून माल उतरवत होते, सासू हिशेबावर होती, तेवढ्यात ही पोरीला पाणी पाजून आणते म्हणून निघाली आणि सरळ ऑटोत बसली. दवाखान्यात जाऊन नर्सला म्हणाली, "मले घरी नोको पाठवू."

मी रजिस्टर उघडलं आणि एकेक रकाना विचारून भरत गेले. गाव, वय, शिक्षण, लग्नाला किती वर्षं झाली. अकरा. माहेर? तिनं अकोल्याच्या बाजूचं गाव सांगितलं. वडील? नाहीत. आई?

"माय नाही मले," ती म्हणाली. "मामानं लगन लावून देल्लं. मामाबी गेला."

मी लिहिलं: आई मयत. माझ्याच हातानं, निळ्या पेननं.

मग दोघींना जेवायला बसवलं. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण-भात. पोरगी मान वर न करता जेवली. तिनं मात्र आधी दोन पेले पाणी पिलं, मग तिसरा, आणि म्हणाली, "गोड हाय वो पाणी तुमचं." त्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी किती खारट लागतं ते मला ठाऊक आहे, माझी मावशी तिकडंच दिलेली. आम्ही त्यावर थोडं बोललो. ती जराशी हसलीसुद्धा. जेवण झाल्यावर मी त्यांना वरची मागच्या बाजूची खोली दिली, अंथरूण घालून दिलं आणि सांगितलं, इथं कोणी येत नाही.

नऊला फोन वाजला.

म्हातारीचा आवाज होता. हुंदके देत होती. "बाई, माही पोरगी तुमच्या इथी आली का वो? संगं पोट्टी हाय, सहा वर्साची."

मी नियमाचं वाक्य म्हटलं. थोडं मऊ करून म्हटलं, पण म्हटलं. "आजी, आमी असं सांगत नसतो. तुमचा नंबर देऊन ठेवा. निरोप असंल तर सांगा."

"नोको सांगू बाई. मी काईच नाही इचारत. तू तुह्या नोकरीची बाई, तुले काहून अडचणीत आणू? पण माह्या जिवाले घोर लागला. दुपारपासून पोटात दाणा नाही तिच्या, लेकराच्याबी. एवढंच सांग माय, जेवली का थे?"

आणि मी म्हटलं, "जेवली माय, जेवली. पोट्टीबी पोटभर जेवली. तुमी रडू नका."

आता हे वाचणारा म्हणेल, काय बह्याड, वेडी बाई आहे. पण आमच्या वऱ्हाडात दारी आलेल्याला, रस्त्यात भेटलेल्याला, फोनवरच्याला आधी हेच विचारतात. चोराला धरून आणलं तरी आधी त्याला जेवला का म्हणून विचारतील आणि मग मारतील. या प्रश्नाला उत्तर न देणं मला कोणी शिकवलंच नव्हतं. धमकीला काय म्हणायचं, लाचेला काय म्हणायचं, साहेबाला काय म्हणायचं, सगळं प्रशिक्षणात झालं होतं. म्हातारी बाई लेकीच्या जेवणाचं विचारते तेव्हा काय म्हणायचं, हे प्रशिक्षणाच्या जाड वहीत कुठंच नव्हतं. ही माझी सबब झाली. सबबच आहे ती.

पलीकडचं रडणं थांबलं. नाक ओढल्याचा आवाज नाही, उसासा नाही, काहीच नाही. मग अगदी कोरड्या आवाजात म्हातारी म्हणाली, "बरं झालं." तिच्या मागं कोणी पुरुष खाकरला आणि फोन बंद झाला.

मी रिसीव्हर धरून तशीच उभी राहिले. मग टेबलाशी येऊन रजिस्टर उघडलं. आई मयत. दीड तासापूर्वी मीच लिहिलेलं.

मी खुर्ची ओढून खाली बसले. ती सासू होती. तिनं बहुतेक संध्याकाळपासून प्रत्येक ठिकाणी फोन लावून हेच रडणं रडलं असणार, आणि बाकी सगळ्यांनी नियमाचं वाक्य म्हटलं असणार.

यानंतर काय करायचं हेही ठरलेलं होतं. ताबडतोब मॅडमना फोन, मग पोलिसांना, मग वरच्या बायकांना शांतपणे जागं करायचं. मी यातलं काहीही केलं नाही. मागचं दार पाहिलं, पुढचं पाहिलं, कुलूप ओढून पाहिलं, ऑफिसातला दिवा बंद केला, परत लावला, चहा ठेवला आणि प्यायला विसरले. स्वतःशी भांडत होते. असेल तिची मावशी. मावशीही पोरगीच म्हणते. आणि समजा सासू असली तरी एवढ्या थंडीत रात्री कोण निघतं? सकाळी बघू. खरं सांगायचं तर मला त्या लोकांच्याइतकीच मॅडमची भीती वाटत होती. सात वर्षांत माझ्यावर एक शेरा नव्हता. आता मॅडम त्यांच्या त्या शांत आवाजात विचारतील, "तुम्ही काय सांगितलं त्यांना?" हे मला नको होतं. वर एक बाई आणि एक लेकरू माझ्या भरवशावर झोपलं होतं आणि मी खाली बसून माझ्या अब्रूचा विचार करत होते. दीड तास. आज आठवलं तरी स्वतःचा संताप येतो.

साडेदहाला गाडी आली. सावकाश, खालच्या गिअरमध्ये. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर भाजीची पिकअप होती, मागच्या हौद्यात रिकामे प्लास्टिकचे कॅरेट एकमेकांवर आपटत होते. गाडी आमच्या घरापुढून गेली, कोपऱ्यावर वळली आणि परत आली.

जिन्यावर चाहूल लागली म्हणून मी वळले. ती उभी होती, अनवाणी, चांगल्या हातानं पोरीला खांद्यावर धरून. पोरगी झोपेतच होती.

"आमची गाडी हाय," ती म्हणाली. "कॅरेटच्या आवाजानं जाग आली मले. रोज पाहाटी चारले आयकतो मी थो आवाज."

मी खिडकीची फट लावून घेतली.

"ताई, त्याईले कसं कळलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. विश्वास ठेवला तिनं. मी म्हटलं, वरच्या खोलीत जा, कडी लाव, मी आवाज दिल्याशिवाय उघडू नको. ती वर जाताना तिच्या पायांचा आवाजसुद्धा येत नव्हता. अकरा वर्षं ती त्या घरात अशीच चालली असणार.

मग मात्र मी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, काय विचारलं, काय बोलले, किती वाजता. "दार उघडू नका. पोलिसांना मी सांगते. मी निघालेच," म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, माझं रडणं तरी मोकळं झालं असतं.

तोवर गेट वाजलं. दोघं पुरुष गाडीजवळ उभे होते आणि म्हातारी गेटच्या सळया धरून. "बाई, वो बाई! मले नातीचं तोंड पाहू दे फक्त. पाहतो आन जातो." तोच आवाज. तेच हुंदके, फोनवर होते तसेच, अगदी त्याच ठिकाणी थांबत, त्याच ठिकाणी चढत.

मी आतल्या जाळीच्या दारामागं उभी राहिले आणि म्हटलं, "हे हॉस्टेल आहे. तुमचं इथं कोणी नाही. निघा."

"तूच बोलली ना बाई फोनवर?" ती म्हणाली. रडणं पुन्हा थांबलं होतं. "तुहाच आवाज हाय. जेवली म्हणे. जेवली त आमच्या घरी पाठव आता."

तिचा मुलगा, म्हणजे आमच्या बाईचा नवराच, पुढं आला. मला वाटलं होतं दारू प्यायलेला असेल, आरडाओरडा करेल. तसं काही नव्हतं. स्वच्छ स्वेटर, भांग पाडलेला. अगदी अदबीनं बोलला, "ताई, घरची गोष्ट हाय. आमी बसून बोलून घेतो. तुमी काहून मधात पडता?" बोलता बोलता त्याचा हात गेटच्या वरून आतल्या कडीपर्यंत आला होता. कडीला कुलूप होतं. तो ते कुलूप बोटांनी चाचपत होता आणि माझ्याकडं बघून बोलत होता. त्याचा भाऊ गाडीच्या हौद्यात चढला आणि तिथून वरच्या खिडक्या एकेक करून बघू लागला. मागच्या बाजूला खोली दिली होती म्हणून मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले. तेवढ्यात वरून कुठलंसं लेकरू रडलं. तिची मुलगी नव्हती, दुसऱ्या एकीचं तान्हं होतं. पण खालच्या तिघांनीही एकदम माना वर केल्या.

"थे पाह्य," म्हातारी म्हणाली.

मुलानं गेट धरून हलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वरची बिजागरी निसटल्यासारखी वाजली. मी जाळीच्या दाराला आतून पाठ लावून उभी राहिले, जसं काही माझ्या पाठीनं ते थांबणार होतं. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, पण एवढ्या वर्षांत मी त्या कॉलनीत पहिल्यांदाच ओरडले. समोरच्या घरातला दिवा लागला, मग शेजारच्या. गॅलरीत मफलर बांधलेले एक काका आले आणि त्यांनी विचारलं, "काय चालू आहे? मुलींचं हॉस्टेल आहे ते, अकला आहेत का?" त्या काकांशी मी सात वर्षांत धड बोलले नव्हते. आमचा ओला कचरा त्यांच्या झाडापाशी जातो म्हणून ते कायम कुरकुरायचे. त्या रात्री ते स्वेटर घालून, काठी घेऊन खाली आले आणि आपल्या फाटकात उभे राहिले. पोलिस येईपर्यंत हलले नाहीत.

पोलिस आणि मॅडम बरोबरच पोचले. तिघांना गाडीसकट ठाण्यात नेलं. जाताना म्हातारीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पदर सारखा करत गाडीत बसली. मॅडमना हवालदारानं सांगितलं, "रात्रभर बसवतो, जबाब घेतो. पण सकाळी सोडावं लागंल. त्यांना जागा कळली आहे मॅडम. बाईला हलवा."

ठरलं. अकोल्याला आमच्यासारखंच एक घर आहे, मॅडमची तिथल्या ताईंशी ओळख. उजाडायच्या आत पहिली गाडी पकडायची. मॅडमना ठाण्यात जायचं होतं, म्हणजे तिला न्यायचं ते मी. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या हातून नको. दुसरं कोणाला तरी पाठवा." त्या म्हणाल्या, "दुसरं कोण आहे?" खरंच, कोणी नव्हतं. त्यांनी पहाटे आम्हाला आपल्या गाडीनं बडनेऱ्याला सोडलं आणि जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही."

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही अर्धा तास बसलो. माझा नवरा कधी पाळी संपवून याच स्टेशनातून घरी येतो, मला तिथला प्रत्येक खांब माहीत आहे. त्या पहाटे एकही ओळखीचा वाटला नाही. शाल गुंडाळलेला प्रत्येक पुरुष मला तिचा तो स्वेटरवाला नवरा दिसत होता. एक जण सरळ आमच्या बाकाकडं चालत आला तेव्हा मी पोरीचा हात इतका जोरात धरला की ती कळवळली. त्याला फक्त अकोल्याची गाडी कुठं लागते ते विचारायचं होतं. मी उत्तर दिलं नाही. तो पुटपुटत गेला. ती मात्र शांत बसली होती, पदर फाटक्या कानावरून पुढं ओढून, डोळे रुळांवर.

गाडीत बसलो. पोरगी तिच्या मांडीवर झोपली. मूर्तिजापूर गेलं तरी मी गप्प होते. बाहेर थोडं उजाडत होतं, कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेतं दिसायला लागली होती. मला वाटत होतं, नाही सांगितलं तर काय बिघडतं? ती सुटली आहे. जागा बदलली आहे. ती मला भली बाई समजून उतरेल आणि मी आपली परतीच्या गाडीनं घरी जाऊन झोपेन. मग मनात आलं की ती तिथं जाऊन रोज रात्री विचार करत बसेल, त्यांना कसं कळलं. नर्सनं सांगितलं का, ऑटोवाल्यानं सांगितलं का. जिनं तिला वाचवलं त्या नर्सवर संशय घेईल. आणि पुढं कोणावरच विश्वास ठेवणार नाही.

"त्याईले मी सांगितलं," मी म्हटलं.

तिनं मान वळवली.

मी सगळं सांगितलं. फोन, रडणं, पोरगी म्हटलेलं, जेवलीचं. रजिस्टरमधला रकानाही सांगितला, आणि दीड तासही. मी तिच्या पायाला हात लावायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. रागानं की संकोचानं, ते कळलं नाही.

बोरगाव गेलं. मग तिनं विचारलं, "काय इचारलं म्हणता तिनं?"

"जेवली का, असं."

"गोड आवाजात?"

"हो. रडत होती. मला खरंच आई वाटली."

"अकरा वर्सं झाली ताई," ती म्हणाली. "सैपाक माहा, वाढतो मी, शेवटी उरलं त खातो, नाही त पाणी पेतो. त्या घरात मले एकानंबी कधी इचारलं नाही, जेवली का म्हणून. काल पयल्यांदा इचारलं. थेबी तुमाले." ती खिडकीबाहेर बघत होती. "मले त थो आवाज मालूमच नाही तिचा."

मी रडत होते. ती रडत नव्हती. पोरीच्या डोक्यावरचा स्कार्फ तिनं नीट केला आणि मग ती अकोला येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

अकोल्याच्या ताई स्टेशनबाहेर ऑटो घेऊन उभ्या होत्या. मी पिशवी उचलायला गेले तर तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली, दुखऱ्या हाताला लटकवली. ऑटोत मी बसायच्या आधी तिनं ताईंना विचारलं, "ह्या संगं येतात का आपल्या?"

ताई म्हणाल्या, "हो, घरापर्यंत येतील. चहा घेतील, मग जातील."

"नोको," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, रागानंही नाही. "याईले घर दाखवू नोका. आन इथून मले पुढं कुठं पाठवलं त तेबी याईले सांगू नोका."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. त्या अवघडल्या होत्या. मी म्हटलं, "बरोबर बोलून रायली थे. तुम्ही निघा." पोरीनं मला हात हलवला. ऑटो कोणत्या दिशेनं गेला, ते मी बघितलं नाही. मुद्दाम स्टेशनकडं तोंड करून उभी राहिले, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.

या गोष्टीला काही वर्षं झाली. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. प्रशिक्षणाच्या वहीत आता जेवणाच्या प्रश्नाचंही एक पान आहे, आणि ते मीच लिहून दिलं आहे. ती अकोल्याहून पुढं कुठंतरी गेली, कामाला लागली, पोरगी शाळेत जाते, इतकं माझ्या कानावर आलं आहे. गाव कोणतं, ते मॅडमना माहीत असावं. मी कधी विचारलं नाही. मला भीती वाटते, मला माहीत झालं तर एखाद्या दिवशी कोणीतरी गोड बोलेल आणि मी सांगून बसेन.